पाचवा घाणा

व्यापार हा आपला प्रांत नव्हे, ही समजूत मराठी मध्यमवर्गाने पिढ्यान् पिढ्या मोठ्या निष्ठेने जतन केली आहे. घरातील एखाद्या मुलाने दुकान टाकावयाचे म्हटले, की शेजारपाजारचे लोक त्याच्या आईला हलक्या आवाजात विचारतात, “का हो, नोकरी नाही वाटतं लागली?” आम्हीही याच परंपरेत वाढलो. पदवी घेतली, परीक्षा दिल्या आणि केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकुनाच्या खुर्चीवर बसलो. तेथे आल्याला आता दहा-बारा वर्षे झाली. कागद येतात, कागद जातात, महिनाअखेर पगार बँकेत जमा होतो. नफा नाही, तोटा नाही. चढ नाही, उतार नाही. परंतु दैवाची मौज अशी, की ज्या घरातील पुरुष असा बिनघोर बसला आहे, त्याच घरात गेली काही वर्षे एक लहानसा धंदा चालतो. तो आमचा नव्हे, आमच्या सौभाग्यवतींचा.

‘आमचा नव्हे’ हे आम्ही विनयाने म्हणत नाही, कायद्याने म्हणतो. केंद्रीय नागरी सेवेच्या १९६४ च्या आचरण नियमांतील पंधरावा नियम वाचकांपैकी जे सरकारी चाकरीत असतील त्यांस ठाऊक असेलच. सरकारी नोकराने पूर्वपरवानगीवाचून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष व्यापारउदीम करावयाचा नाही; कुटुंबातील कोणी करीत असेल, तर तसे सरकारास कळवावयाचे. आम्ही यथाविधी कळविले. त्या अर्जावर शिक्का पडून तो फायलीत गेला त्या दिवसापासून आमची भूमिका ठरून गेली. धंद्याविषयी कचेरीत अवाक्षर काढावयाचे नाही, नमुन्याचा डबा न्यावयाचा नाही, कोणास शिफारस करावयाची नाही. घरी मात्र नळाचे पाणी भरणे, चिरंजीवांस शाळेत पोहोचविणे आणि डिसेंबरात दोन्ही वेळचा स्वयंपाक करणे ही कामे आमच्याकडे आली. धंद्यास त्यामुळे झालाच तर थोडा वेळ मिळतो. घरास मात्र पंधरा दिवस आमच्या हातचे पिठले मिळते. एरवी आम्ही प्रेक्षक. आणि जो खेळात नाही त्याला खेळ कधीकधी अधिक स्पष्ट दिसतो, एवढ्याच आधारावर हे लिहीत आहो.

आमचे बिऱ्हाड चामराजपेटेत आहे. बेंगळुरूच्या जुन्या पेठेबाहेर आखून वसविलेली ही पहिली वस्ती, १८९२ सालची. चामराजेंद्र वडियार यांचे नाव तिला मिळाले. पाच सरळ मोठे रस्ते आणि त्यांना छेदणारे आडवे रस्ते, अशी तिची मांडणी. येथे कन्नड साहित्य परिषदेची वास्तू आहे, संस्कृत विद्यापीठ आहे, रामनवमीला फोर्ट हायस्कुलाच्या मैदानावर अनेक दिवस चालणारा संगीतोत्सव आहे. अशा पेठेत नाताळचा धंदा कसा काय, असा प्रश्न परगावच्या पाहुण्यास पडतो. नाताळ म्हणजे छावणीकडची गोष्ट, असा या शहराचा जुना हिशेब. इंग्रजांची छावणी १८०९ च्या सुमारास वसली आणि छावणी व पेठ ही जणू दोन गावे होऊन राहिली. दोहोंची नगरपालिका एक झाली ती थेट १९४९ साली. परंतु किल्ल्यातले जुने प्रार्थनामंदिर वाणीविलास रुग्णालयासाठी पाडले गेले, तेव्हा त्याचा वारसा सांगणारे सेंट ल्यूकचे चर्च १९३५ साली उभे राहिले ते आमच्या चामराजपेटेतच. म्हणजे नाताळची घंटा या पेठेत नव्वद वर्षे वाजते आहे. ऐकणाऱ्याचे कान तेवढे तिकडे नव्हते.

मराठीलाही हा सण परका नाही. ‘नाताळ’ हा शब्दच पोर्तुगिजांकडून आपण घेतला, आणि त्यांच्याकडूनच घेतलेल्या ‘पावा’प्रमाणे तो आता आपल्या तोंडात मऊ होऊन गेला आहे. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. ख्रिस्तजन्माची कथा मराठी ओवीत येऊन चारशे वर्षे उलटली. वसईकडील ख्रिस्ती घरांतून आजही मराठी नांदते, आणि त्याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले. तेव्हा आमच्या पुढच्या खोलीत नाताळ शिरला, यात अघटित असे काही नव्हते. तो शिरला मात्र करंजीच्या वाटेने.

सौभाग्यवती आरंभी केवळ दिवाळीचा फराळ करून देत. चकली, चिवडा, शेव, करंजी. या शहरात नोकरीनिमित्त आलेली मराठी घरे कमी नाहीत, आणि नवराबायको दोघेही कामावर जाणारी असल्यामुळे फराळास मागणी भरपूर. एका दिवाळीत मंगळूरकडच्या एक ख्रिस्ती बाई कोणाच्या तरी घरी ती करंजी खाऊन पत्ता शोधीत आल्या. “ह्या नेवऱ्या मला डिसेंबरात हव्यात,” त्या म्हणाल्या. गोव्याकडे करंजीला नेवरी म्हणतात, हे आम्हांस ठाऊक होते. पण नाताळच्या ताटातही ती असते, हे तोवर ठाऊक नव्हते. मंगळूरच्या ख्रिस्ती घरांत या फराळास कुस्वार म्हणतात. नेवऱ्या, शंखाच्या आकाराचे कलकल, लोखंडी साच्यात बुडवून तळलेली गुलाबाची फुले, आणि केक. ताटे भरावयाची, वर विणलेला रुमाल झाकावयाचा आणि शेजाऱ्यांकडे धाडावयाची. वाचकहो, या वर्णनातील केक तेवढा काढून ठेविला, तर उरलेली ताटे कोणाच्या दिवाळीची नव्हेत?

नेवऱ्या आल्या, त्यांच्यामागून कलकल आले. केक मात्र उंबरठ्यावर अडला. आमच्या आईचे म्हणणे स्पष्ट होते: अंडे या घरात येणार नाही. ती रागावली नाही, रडली नाही. तिने फक्त सांगितले. सौभाग्यवतींनीही वाद घातला नाही. या शहरात अय्यंगार वैष्णवांनी पावाच्या भट्ट्या घातल्या, त्यांतली चिकपेटेतली पहिली १८९८ सालची, हा दाखला आम्ही पुढे केला. आई म्हणाली, “त्यांनी भट्टी घातली असेल, पण सोवळ्याच्या चुलीवर नाही.” या उत्तरात तोडगाही होता, तो सुनेच्या ध्यानात आला. मागच्या अंगणात पूर्वी जळण ठेवण्याची एक पत्र्याची खोली होती. ती साफ झाली, रंगविली गेली, तेथे वेगळा नळ आला, वेगळी भांडी आली, आणि कर्ज काढून विजेवर चालणारी एक लहान भट्टी आली. अन्न परवान्याची नोंदणी झाली. पुढची खोली फराळाची, मागची खोली केकची, आणि मधले घर आईचे. गेली तीन वर्षे ही सीमा दोन्ही पक्षांनी काटेकोर पाळली आहे. दोन राष्ट्रांना जे साधत नाही ते सासूसुनेला साधले, असे आम्ही एकदा म्हणालो. दोघींनीही आमच्याकडे सारख्याच नजरेने पाहिले, एवढे मात्र साधले.

आता या धंद्याचा हंगाम कसा चालतो ते सांगावयास हवे, कारण बाहेरून पाहणाऱ्यास तो निव्वळ गडबड वाटतो. सारे शास्त्र एका प्रश्नात आहे: काय किती दिवस टिकते? सुक्या खोबऱ्याची नेवरी घट्ट डब्यात दोन-तीन आठवडे सहज राहते. कलकल त्याहून अधिक. म्हणून डिसेंबरचा पहिला पंधरवडा कढईचा. केकचे गणित निराळे. केकमध्ये घालावयाचा सुकामेवा रममध्ये भिजविला, तर तो महिनोन् महिने टिकतो. कित्येक बेकऱ्यांत तो फार आधी भिजत घालतात. आमच्या घरी मद्य नाही. मनुका, खजूर, टूटीफ्रूटी, संत्र्याची साखरेत मुरविलेली साल हे सारे संत्र्याच्या व काळ्या द्राक्षांच्या रसात शिजवून मुरत ठेवावयाचे, तेही थंड कपाटात, आणि थोड्या दिवसांत वापरून टाकावयाचे. गिऱ्हाईकास हे आधी सांगितले जाते. काही परत जातात; लहान मुले असलेली घरे मुद्दाम येतात. साखर जाळून तिचा काळसर पाक करावयाचा, त्यावर गरम पाणी ओतताना चेहरा दूर ठेवावयाचा. केकचा रंग आणि किंचित कडवट चव त्या पाकाची. असा केक बाहेर आठ-दहा दिवस उत्तम राहतो. तेव्हा चोवीस तारखेस ज्याचे काम, तो पंधराच्या आधी भाजून उपयोग नाही. साऱ्या वर्षाचा केक आठ दिवसांच्या खिंडीतून बाहेर पडावयाचा.

त्या खिंडीची रुंदी भट्टीने ठरविलेली. एका वेळी अर्ध्या किलोचे आठ साचे आत बसतात. भाजणे, काढणे, पुन्हा भरणे मिळून एका घाण्यास पावणेदोन तास. सकाळी दहाला सुरुवात केली, तर संध्याकाळी पावणेसातपर्यंत पाच घाणे निघतात. २०२५ च्या डिसेंबरात पंधरा ते तेवीस या तारखांत, एकवीसचा रविवार वगळून, आठ दिवस होते. पाच घाणे, आठ साचे, आठ दिवस: तीनशे वीस केक. आमच्यासारख्या कारकुनास यापलीकडे विचार सुचावयाचा नाही. पण सौभाग्यवतींच्या वहीत प्रत्येक दिवसापुढे चारच घाणे मांडलेले होते. पाचव्याच्या जागी एक आडवी रेघ. म्हणजे मागणी घ्यावयाची ती दोनशे छप्पन केकची. एकही जास्त नाही.

“हे चौसष्ट केक कुठे गेले?” आम्ही विचारले.

“कुठे जातील? ते आहेतच,” त्या म्हणाल्या. “पण ते गिऱ्हाइकांचे नाहीत.”

आमच्या कचेरीत मंजूर झालेली रक्कम एकतीस मार्चच्या आत खर्ची पडली नाही, तर ती परत जाते. म्हणून फेब्रुवारीत खुर्च्या विकत घेण्याची एक लाट येते. रिकामे राहिलेले ते वाया गेलेले, हाच आमचा संस्कार. रिकामी जागा हीच एक मालमत्ता असू शकते, हे आम्हांस कोणत्याही परिपत्रकाने शिकविले नव्हते.

मदतीस दोघीजणी येतात. एक शेजारच्या गल्लीतली मुलगी, महाविद्यालयात शिकणारी, ती दुपारी बांधाबांध करते. दुसऱ्या अक्का. त्या मंगळूरकडच्या, पन्नाशी ओलांडलेल्या. पहिली मागणी घेऊन आलेल्या बाईंच्या नात्यातल्या. केकचा हात त्यांचाच. त्या कोंकणीत बोलतात, सौभाग्यवती मराठीत, आणि दोघींचे बोलणे कोठेही अडत नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाहून दोन बस बदलून त्या येतात. रविवारी येत नाहीत. तो त्यांचा चर्चचा दिवस. नाताळच्या आधीचे चार रविवार तर त्यांच्यासाठी विशेष. म्हणून आमच्याकडे डिसेंबरातही रविवारी भट्टी पेटत नाही. इतर धंदेवाल्या स्त्रियांनी सौभाग्यवतींस यावरून वेड्यात काढले आहे. ऐन हंगामात भट्टी एक दिवस थंड! पण त्यांचे म्हणणे एवढेच, की ज्या बाईच्या हाताने दुसऱ्यांच्या घरी नाताळ जातो, तिचा स्वतःचा नाताळ आपण खाऊ नये.

हे म्हणणे फार सुंदर आहे. पण सुंदर म्हणण्याची परीक्षा पैसा घेतो. ती घटका त्या डिसेंबरात सतरा तारखेस आली. बुधवार होता. एका कंपनीकडून फोन आला: दीडशे केक, अर्ध्या किलोचे, बावीसच्या रात्रीपर्यंत तयार हवेत. दर एकाचा साडेचारशे रुपये, घासाघीस नाही, निम्मे पैसे लगेच. सदुसष्ट हजार पाचशे रुपयांची मागणी एका फोनवर. लोणी, मेवा, अंडी, खोके, मजुरी वजा जाता तिसरा हिस्सा तरी हाती राहावा. थंडीत अंडे महागते हे सालाबादचे. पण त्या वर्षी २२ सप्टेंबरापासून लोण्यावरील वस्तू व सेवा कर बारावरून पाच टक्क्यांवर आला होता, त्यामुळे वजाबाकी थोडी सौम्य झाली होती. इकडे भट्टीच्या कर्जाचे अठ्ठेचाळीस हजार फिटावयाचे राहिले होते. म्हणजे जवळजवळ निम्मे कर्ज एका आठवड्यात. चिरंजीवांची जूनमधील शाळेची रक्कम हाही विचार कोणाच्या मनात आला नसेल, असे नाही.

उत्तर द्यावयास दोन तासांची मुदत होती. त्या संध्याकाळी आम्ही कचेरीतून आलो तेव्हा वही मध्ये पडलेली, आणि सासू, सून व अक्का तिघीही तिच्याभोवती बसलेल्या. आम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ऐकले. अठरा, एकोणीस, वीस आणि बावीस या चार दिवसांतील नेहमीच्या घाण्यांपैकी सोळा केकची जागा अजून रिकामी होती. रेघ मारलेला पाचवा घाणा चारही दिवस धरला, तर आणखी बत्तीस. अठ्ठेचाळीस झाले. रविवारी पाचही घाणे काढले, तर चाळीस, अठ्ठ्याऐंशी. उरलेल्या बासष्टांना आठ घाणे लागणार, म्हणजे चौदा तास. ते पाच रात्रींत वाटले, तर रोज साडेनऊपर्यंत भट्टी; मग केक गार होणे, बांधणे, साचे घासणे. अकरा वाजणार. कागदावर सारे बसत होते. आमच्या कचेरीतील कोणत्याही प्रस्तावापेक्षा ते अधिक नीट बसत होते.

अक्का म्हणाल्या, त्या राहतील. आमच्याकडेच झोपतील. एक रविवार चुकला, तर देव समजून घेईल.

आई इतका वेळ गप्प होती. केकच्या व्यवहारात ती बोलत नसे. तो सीमेपलीकडचा मुलूख. ती अक्कांना म्हणाली, “तुमच्या घरी अजून काही केलंय का? नेवऱ्या, काही?”

अक्कांनी मान हलविली. वेळच कुठे होता?

“मग देव समजून घेईल हो,” आई म्हणाली, “पण तुमची नातवंडं घेतील का?”

सौभाग्यवतींनी वही मिटली आणि फोन उचलला. अठ्ठेचाळीस देता येतील, असेही त्यांनी म्हटले नाही. त्यांनी सोळा देऊ केले, म्हणजे वहीत जेवढी जागा उघडी होती तेवढेच. कंपनीस सारे एका हातचे हवे होते. मग शहराच्या उत्तरेकडे मोठ्या भट्टीवर काम करणाऱ्या एका ओळखीच्या बाईंचा क्रमांक त्यांनी दिला, आणि मागणी तिकडे गेली. एवढे सगळे दहा मिनिटांत झाले. त्या रात्री घरात कोणी फारसे बोलले नाही. सदुसष्ट हजार पाचशे हा आकडा जेवणाच्या पानापाशी बसून होता. आम्ही केलेली आमटी खारट झाली होती की काय, हेही कोणाच्या ध्यानात आले नाही.

वाचकांपैकी व्यवहारी मंडळी येथे म्हणतील, की हा भाबडेपणा झाला. असे धंदे वाढत नाहीत. त्यांस आम्ही सोमवार, बावीस तारखेची हकीकत सांगतो. त्या दिवशी सकाळी साडेअकराला वीज गेली. पहिला घाणा आत होता, आणि थोडाच अवकाश राहिला होता. भट्टीचे दार उघडावयाचे नाही, असे अक्कांनी बजावले, आणि आतल्या उष्णतेवर तो घाणा तरून गेला. पुढे मात्र तीन वाजेपर्यंत अंधार. दोन घाण्यांचा वेळ गेला. कालवलेले मिश्रण ठेवून देण्याजोगे नसते. पण सौभाग्यवती पुढच्या घाण्याचे मिश्रण आधी करून ठेवीत नाहीत, त्यामुळे ते वाया गेले नाही. तीनला वीज आली, आणि दुसरा, तिसरा, चौथा असे घाणे एकामागून एक निघाले. पावणेसातला संपणारा तो रिकामा पाचवा घाणा त्या दिवशी कामास आला, आणि त्यावर दीड तास अधिक लागला. साडेसहालाच अक्कांना बसवर बसविले. शेवटचा घाणा सूनबाईंनी एकटीने काढला. सव्वाआठला भट्टी बंद झाली. ज्यांना केक कबूल केले होते त्यांतील एकासही ‘उद्या या’ म्हणावे लागले नाही. दीडशे केकची मागणी अंगावर असती, तर त्या रात्री काय झाले असते, हे गणित आम्ही मनातल्या मनात केले. पहाटेचे दीड वाजून गेले तरी ते पुरे होईना, तेव्हा सोडून दिले.

परंतु वीज गेली म्हणून तो नकार शहाणपणाचा ठरला, असे म्हणणे आम्हांस पुरेसे वाटत नाही. वीज गेली नसती, तर काय? मग बावीस हजारांवर पाणी सोडले, ते सोडलेच. कर्ज आजही हप्त्याहप्त्याने फिटत आहे. आमचे म्हणणे निराळे आहे. धंदा सुरळीत चालविणे म्हणजे जितके शक्य तितके काम अंगावर घेऊन ते कसेबसे पार पाडणे, अशी एक समजूत आहे. मोठ्या कारखान्यांस ती परवडत असेल; तेथे एक यंत्र थांबले, तर दुसरे असते. लहान धंद्यात यंत्र म्हणजे चार माणसांची मनगटे आणि एका बाईची झोप. तेथे नकार हेही कामच आहे, आणि ते आगाऊ करून ठेवावे लागते. कोणती तारीख शेवटची, किती केक शेवटचे, कोणता दिवस बंद, हे नोव्हेंबरात शांतपणे ठरविलेले असले, तर सतरा डिसेंबरच्या फोनवर ते आठवता येते. त्या क्षणी ठरवू म्हटले, तर माणूस आकड्याकडेच झुकतो. आम्ही स्वतः दारात उभे राहून झुकलो होतोच. पंधराव्या नियमामुळे मत मागितले गेले नाही, हे त्या नियमाचे आमच्या घरावर उपकार आहेत.

तशी वहीही आगाऊ लिहिलेली बरी. कर्नाटकाच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयने जमा झालेल्या रकमांवरून २०२५ च्या जुलैत बेंगळुरूतील अनेक लहान दुकानदारांस नोटिसा धाडल्या, तेव्हा कित्येक दुकानांवरचे ठिपक्यांचे ते चौकोन खाली उतरले आणि ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. आमच्या पुढच्या खोलीतला चौकोन जागचा हलला नाही. रोजची जमा रोज लिहिलेली, घरखर्चाचे खाते वेगळे, धंद्याचे वेगळे. भिण्याचे कारण नव्हते. दिवाळीत नवे गिऱ्हाईक जोडण्यापेक्षा ज्येष्ठ-आषाढात वही नीट लावणे अधिक लाभाचे, असे सौभाग्यवती म्हणतात. कारकुनाच्या संगतीचा एवढा तरी परिणाम झाला, अशी आम्ही आमची समजूत घालून घेतो. त्यांचे मत विचारलेले नाही.

नाताळचा पहिला केक या देशात कोणी केला, याची एक हकीकत केरळात सांगतात. तलश्शेरीस मांबळ्ळी बापू यांनी १८८० साली बिस्किटांचा कारखाना काढला. १८८३ च्या नाताळाआधी ब्राऊन नावाचा एक मळेवाला विलायतेहून आणलेला केक घेऊन त्यांच्याकडे आला आणि तसाच करून देता येईल का, म्हणून विचारू लागला. बापूंनी परका मद्यार्क न वापरता गावच्याच काजूच्या फळांपासून केलेला वापरला, आणि केक साधला. हकीकत अक्षरशः खरी असो वा नसो, तिच्यात एक मर्म आहे. सण ज्याचा आहे तो, आणि सणाचे ताट जो भरतो तो, हे दोघे या देशात पुष्कळदा वेगळे असतात. ताट भरणाऱ्याने स्वतःच्या घरचे थोडे त्यात घालावयाचे, आणि सणवाल्याने ते आपले मानावयाचे, असा हा जुना करार आहे. तो कोणी लिहिलेला नाही. पण मोडला, तर जाणवतो.

चोवीस तारखेस आमच्याकडे भट्टी पेटत नाही. दुपारी बारापर्यंत राहिलेले डबे नेले जातात आणि दार लागते. त्या बुधवारी सकाळी अक्का हिशेब घेण्यासाठी आल्या, तेव्हा आईने त्यांच्यापुढे एक स्टीलचा मोठा डबा ठेविला. आदल्या दोन रात्री ती पुढच्या खोलीत बसून काय करीत होती, हे तेव्हा कळले. आत दीडशे नेवऱ्या होत्या, एकूण एक हाताने मुरड घातलेल्या. कातण्याने कापलेल्या कडेपेक्षा मुरडीला चौपट वेळ लागतो. गिऱ्हाइकांसाठी आम्ही मुरड घालीत नाही. अक्कांनी एक उचलून कडेवरून बोट फिरविले. त्यांच्या आजीच्या हातची अशी असे, म्हणाल्या. मग डबा उघडाच ठेवून त्यांनी आईला विचारले, की यात अंडे नाही ना. कारण त्यांच्या थोरल्या जावेने नवस केला आहे, ती नाताळपर्यंत खात नाही. आई हसली. “आमच्याकडे,” ती म्हणाली, “मधल्या घरात नाही.”

त्या दिवशी दुपारी अक्का दोन बस बदलून घरी गेल्या आणि मध्यरात्रीच्या मिस्सेस वेळेवर पोहोचल्या. सौभाग्यवती संध्याकाळी सहालाच झोपी गेल्या. जानेवारीत मागणी एकदम उतरते. तिळगुळाचे थोडे काम, एवढेच. यंदाच्या वहीत त्यांनी डिसेंबराचे पान आखून ठेविले आहे. दिवस मोजलेले आहेत, रविवार गाळलेले आहेत, चार घाणे मांडलेले आहेत. पाचव्याच्या जागी पूर्वीप्रमाणेच एक आडवी रेघ आहे. ती रेघ त्यांनी पट्टी लावून मारली आहे.